पाण्याचा वाटा

गहू कापून झाला की बेरेझा गावचं आभाळ हातभर उंच जातं. रानहंसांच्या माळा दक्षिणेला निघतात, वाऱ्याला लोखंडाचा वास येतो, आणि ज्या अंगणात पाहावं तिथं एक तरी गाडी जॅकवर चढलेली दिसते. ऑक्टोबरातल्या पोक्रोवाच्या सणाच्या रविवारी फादर प्रोकोप चर्चसमोर गाड्यांची रांग लावून घेतात आणि एकेकीवर तीर्थ शिंपडतात. मात्र उन्हाळी टायर घातलेल्या गाडीवर ते शिंपडत नाहीत. "देवानं सांभाळावं वाटतं ना? मग आधी तुम्ही थोडं सांभाळा," म्हणतात, आणि पुढच्या गाडीकडे वळतात. असं नाक कापून घेण्यापेक्षा लोक आधीच्या आठवड्यात गाडीखाली शिरतात.

हनात्युकांच्या तपकिरी स्टेशन वॅगनखाली इतकी वर्षं म्हातारा पान्को शिरायचा. यंदा खाली होती त्याची सून स्तेफा, आणि पान्को शेजारी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन, सरदारासारखा बसला होता. त्याचे हात आता पॉप्लरच्या पानांसारखे थरथरायचे. वारा असो, नसो.

"नट एकदम नको सोडवू. आधी चाक भुईवर असतानाच सैल कर."

"का?"

"झालं सुरू," पान्को म्हणाला. "तुझ्या आईनं मला लग्नातच सांगितलं होतं. म्हणाली, पोरगी कामाची आहे, पण हिच्या पोटात भाकर कमी आणि 'का' जास्त."

"पण का?"

"कारण चाक हवेत असलं की पान्याबरोबर तेही फिरतं. आणि आवळताना एकाच्या शेजारचा नट घ्यायचा नाही. समोरचा घ्यायचा. मग परत इकडचा. एकाच बाजूचे लाड केलेस तर दुसरी रुसते, चाक वाकडं बसतं."

स्तेफानं पाना लावला, त्यावर पाय दिला, आणि नट कुरकुरत सुटला. तिला बरं वाटलं. चाळीस वर्षांच्या आयुष्यात तिनं गाडी चालवली होती, धुतली होती, तिच्यात बसून रडलीसुद्धा होती, पण तिच्या पोटात काय आहे हे कधी पाहिलं नव्हतं. बंद पेटीवर बसून प्रवास करावा, तसं.

गोष्ट साधी होती, आणि साधी म्हणूनच अवघड. पान्कोची मूत्रपिंडं थकली होती, सोमवार, बुधवार, शुक्रवार त्याचं रक्त धुवायला शहरात जावं लागे. नव्वद किलोमीटर जायचं, चार तास यंत्राला जोडून बसायचं, नव्वद किलोमीटर यायचं. स्तेफा मंगळवारी आणि गुरुवारी दुपारपर्यंत गावच्या पोस्टात बसायची, ती बाकीचे दिवस गाडीसाठी मोकळे राहावेत म्हणूनच. गेल्या जानेवारीत परतताना हीटरमधून गार वारा यायला लागला, मग इंजिनच्या झाकणाखालून वाफ आली, आणि उणे चौतीस अंशांत गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. धान्याचा ट्रक येईपर्यंत पाऊण तास सासरा आणि सून एका गोधडीत गुरफटून बसले. पान्को सबंध वेळ तिला पेरणीच्या गोष्टी सांगत होता. त्याचे ओठ निळे पडले होते. नंतर मेकॅनिकनं कारण सांगितलं. आदल्या उन्हाळ्यात कूलंट, म्हणजे इंजिनात फिरणारं न गोठणारं हिरवं द्रव, कमी झालं की पान्को त्यात विहिरीचं पाणी ओतत राहिला होता. त्या पाण्याचा बर्फ झाला, रेडिएटर तुंबलं, इंजिन तापलं.

तेव्हापासून मार्को, म्हणजे पान्कोचा मुलगा आणि स्तेफाचा नवरा, एकच धोशा लावून होता. तो उत्तरेकडच्या खाणीत कामाला होता, दोन आठवडे तिथं, दोन आठवडे घरी. हिवाळाभर वडलांनी शहरात, हॉस्पिटलला लागून असलेल्या वृद्धांच्या घरात राहावं, असं त्याचं म्हणणं. एक नोव्हेंबरपासून खोली धरून ठेवली होती. जाताना तो म्हणाला होता, "शनिवारी येतो, गाडी बघतो. माझी खात्री पटली तर राहा. नाही पटली तर वाद नको."

पान्को ती खोली एकदा पाहून आला होता. स्वच्छ होती. खिडकीबाहेर विटांची भिंत होती. त्यानं तिथल्या बाईंना एवढंच विचारलं होतं, की खिडकी उघडते का. उघडत नव्हती.

त्यामुळे या मंगळवारी दुपारी अंगणात जे चाललं होतं ते नुसतं टायर बदलणं नव्हतं.

"पुढं काय?" चारही हिवाळी टायर बसवून स्तेफानं कपाळावरचे केस मनगटानं मागं सारले.

पान्कोनं बोट वर केलं. त्याची स्वतःची एक ओवी होती. कुणी शिकवली नव्हती, कामाच्या तालावर आपोआप जुळली होती.

"पहिलं काम पायांचं,
दुसरं काम नाकाचं;
तिसरं काम डोळ्यांचं,
चौथं काम रक्ताचं."

"आणि पाचवं?"

"पाचवं पोटाचं. डिकीत मेणबत्ती, काडेपेटी, फावडं, वाळूचं पोतं, घोंगडी आणि सुक्या सॉसेजची एक माळ. ते सगळ्यात शेवटी, नाहीतर सॉसेज मीच खाईन. आता नाक बघ. तो काळा डबा उघड."

स्तेफानं हवेच्या फिल्टरच्या डब्याच्या कड्या उचलल्या, झाकण काढलं, आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं? फाटलाय का?"

"तातो, इकडे या. उठून या."

सासऱ्याला ती तातोच म्हणायची, मार्को म्हणायचा तसं. पान्को काठी टेकत आला. दोघं डब्यावर वाकले. फिल्टरच्या घड्यांमध्ये पिवळे वाळके वाटाणे भरले होते. ओतलेले नव्हते, लावलेले होते. घडीत एक ओळ, पुढच्या घडीत दुसरी ओळ, आणि कोपऱ्यात गाडीच्या सीटमधून ओढून आणलेल्या कापसाची छोटी गादी.

"आपले बियाणाचे वाटाणे आहेत," पान्को हळूच म्हणाला. "शेडमधलं पोतं. तीस पावलांवरून आणलेत, एकेक."

"एवढे?"

"तिला हिवाळा माहीत आहे. गाडी माहीत नाही. चांगलं घर बघितलं, कोरडं, वारा लागत नाही. घर चालतं हे तिला कोण सांगणार?"

स्तेफाला हसू आलं. मग प्रश्न आला. "पण गाडी सोमवारी शहरात जाऊन आली. उंदरीण आत होती की बाहेर?"

पान्कोनं यावर खरोखर विचार केला. "आत असेल तर," तो म्हणाला, "बेरेझातली सगळ्यात जास्त प्रवास केलेली उंदरीण ती. हे वाटाणे काडेपेटीत... नाही, मोठ्या डब्यात भर आणि शेडच्या कोपऱ्यात ठेव. कुणाची कोठी लुटू नये."

मग डोळे झाले: दिवे पुसले, वायपरची पाती बदलली, काचेसाठी निळं पाणी भरलं. मग इंजिनाच्या हीटरची तार. गावात सगळ्याच गाड्यांच्या नाकाखालून एक तार लोंबते. हिवाळ्यात ती घराच्या प्लगला जोडून ठेवायची, म्हणजे सकाळी इंजिन गोठलेलं नसतं. स्तेफानं तार जोडली.

"आता बॉनेटला कान लाव," पान्को म्हणाला.

"ऐकून काय कळणार?"

"लाव तर."

तिनं कान लावला. थंड पत्रा. आधी काही नाही. मग खूप खोलवरून, चुलीवर ठेवलेल्या किटलीला पहिली जाग यावी, तसा एक बारीक सुस्कारा. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. शेजारच्या अंगणातून ओलेक्सा ओरडला, "पान्को, सुनेला गाडी काही सांगतेय की काय?"

"तुझ्याबद्दलच बोलतेय," पान्को म्हणाला. "म्हणते, ओलेक्साच्या गाडीला अजून उन्हाळी बूट आहेत."

उरलं होतं रक्त.

पान्को खुर्चीत ताठ बसला. याच क्षणाची तो वाट पाहत होता, हे स्तेफाच्या लक्षात आलं. त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून एक काचेची नळी काढली, वर रबराचा फुगा, आत पाच रंगीत मणी. रेडिएटरचं झाकण काढायचं, नळी आत बुडवायची, फुगा दाबून सोडायचा. कूलंट नळीत चढतं आणि मणी तरंगतात. जितके मणी तरंगतील, तितकं ते थंडीला पुरून उरेल.

"किती तरंगले?"

"पाचही."

"पाचही," पान्को म्हणाला, जणू नातवाचे गुण सांगतोय. "गेल्या हिवाळ्यात दोन होते. मोज परत."

"पाचच आहेत. कसं काय? तुम्ही कधी भरलंत?"

तेव्हा त्यानं सांगितलं. सप्टेंबरात, ती पोस्टात असताना, तीन आठवडे दर मंगळवारी आणि गुरुवारी. रेडिएटरच्या तळाची चावी उघडायची, जुनं बादलीत सोडायचं, नवं भरायचं, इंजिन चालवायचं, परत सोडायचं, परत भरायचं. जुन्या पाण्याचा थेंब उरू नये म्हणून. थरथरत्या हातांनी झाकण लावायलाच अर्धा तास जायचा. दोनदा सांडलं, ते कुत्र्यानं चाटू नये म्हणून गुडघ्यांवर बसून पुसून काढलं. ते विष गोड असतं. पाच कॅन संपले.

"नुसतं? काही मिसळलं नाहीत?"

"एक थेंब पाणी नाही," पान्को म्हणाला. "पाण्यानं गेल्या हिवाळ्यात घात केला. पाण्यानं माझाही केला. डॉक्टर मला दिवसाला चार पेले देतो, आणि तेही मोजून. जे पाणी आत गेलं की बाहेर निघत नाही, ते शत्रूच. आता उणे पन्नास होऊ दे. मार्कोला म्हणावं, ये, बघ."

संध्याकाळी हत्यारं शेडमध्ये ठेवताना स्तेफाला ते पाच रिकामे कॅन दिसले. ओळीनं, स्वच्छ धुतलेले. तिनं एक उचलला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की समान पाणी मिसळून वापरावे.

ती वाचून ठेवून देणार होती. पण एक गोष्ट टोचली. तिनं कॅन घरात आणला.

"तातो, इथं लिहिलंय अर्धं पाणी घाला."

"उबदार मुलखातल्या लोकांसाठी असेल ते."

"कॅन इथल्याच दुकानातला आहे."

"मग काटकसरी लोकांसाठी."

"तेच तर मला कळत नाही," स्तेफा म्हणाली. "जो विकतो तो म्हणेल, भरपूर वापरा. हा म्हणतो, अर्धंच वापरा. आपला माल कमी खपावा असं कुणी कशाला सांगेल?"

 पान्कोनं चहाचा पेला दूर सारला. त्या दिवसाचा त्याच्या वाट्याचा शेवटचा पेला.

"तीन आठवडे मी त्या गाडीशी झुंजलो," तो म्हणाला. "आता तुला कॅनवरचं वाचून दाखवायचंय." आणि उठून आपल्या खोलीत गेला. काठी जरा जास्तच जोरात वाजली.

बुधवारी दोघं शहरात गेले. वॉर्डात पान्कोला यंत्राला जोडलं, आणि स्तेफा नेहमीप्रमाणे शेजारी स्वेटर विणत बसली. यंत्राच्या पायाशी एक पांढरा कॅन होता. वर्षभर ती तो पाहत होती, आज पहिल्यांदा तिचं लक्ष गेलं, की त्यातून एक नळी निघते आणि भिंतीतून येणाऱ्या दुसऱ्या नळीला मिळते.

"ही दुसरी कशाची?" तिनं नर्सला विचारलं.

"पाण्याची. शुद्ध केलेल्या."

"कॅनमधलं औषध नुसतं दिलं तर?"

नर्स हसली. "नुसतं दिलं तर माणूस राहील का? धुण्याचं काम पाणीच करतं. औषध फक्त त्याला रीत शिकवतं."

पान्कोचे डोळे मिटलेले होते. झोपला होता की नाही, कळलं नाही.

घरी आल्यावर स्तेफानं जॅमच्या दोन बरण्या घेतल्या. एकीत नळीनं रेडिएटरमधलं हिरवं कूलंट घेतलं, नुसतं. दुसरीत तेच, पण अर्धं पाणी घालून. घट्ट झाकणं लावली, दोन्ही बरण्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या, डब्यावर कवटी काढली, आणि डबा डीप फ्रीजरमध्ये उकडायच्या करंज्यांपासून, म्हणजे पिरोह्यांपासून, दूर, पार तळाला ठेवला. फ्रीजरचं बटण सगळ्यात थंड आकड्यावर नेलं.

गुरुवारी पोस्टात जायच्या आधी तिनं डबा उघडून पाहिला. दोन्ही बरण्यांतलं हिरवं जसंच्या तसं. नुसतं असलेलं थोडं जाड वाटत होतं, काकवीसारखं, एवढंच. तिला हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा विरसही झाला.

"तातो, तुमचंच बरोबर होतं," ती म्हणाली. "नाही गोठलं."

"पिरोह्यांशेजारी विष ठेवून कळलं का हे?" पान्को म्हणाला. पण त्या दिवशी त्यानं चहाचे चारही पेले घेतले, आणि जेवताना दोनदा ती नाक-डोळ्यांची ओवी गुणगुणला.

शनिवारी दुपारी स्तेफा फ्रीजरमधून पिरोह्या काढायला गेली. मार्को येणार होता, संध्याकाळपर्यंत. पान्को मागोमाग आला.

"आहे का अजून ती तुझी कवटी? दाखव तरी. रोज माझं विष बघतेस, मला एकदाही दाखवलं नाहीस."

तिनं डबा टेबलावर ठेवला. खाली वर्तमानपत्र पसरलं, झाकणं उघडली. दोन्ही हिरवी, दोन्ही पातळ. पान्कोनं एक बरणी उजेडात धरली, मग दुसरी. त्याच्या डोळ्यांत लहान मुलासारखी उत्सुकता आली होती. गाडीला हात लावायला मिळत नव्हता, पण गाडीचं रक्त असं बरणीत, टेबलावर, उन्हात होतं.

"ही नुसती?"

"हो. जाड आहे ना?"

"चमचा दे. जुना, टाकायचा."

त्यानं चमचा नुसत्या हिरव्यात बुडवला. हात थरथरत होता. चमचा बरणीच्या कडेला टकटक टकटक वाजला.

आणि चमच्याभोवती एक पांढरं फूल उमललं.

आधी वाटाण्याएवढं. मग त्याच्या पाकळ्यांना पाकळ्या फुटल्या, हिवाळ्यात खिडकीवर बर्फाची उमटते तशी नक्षी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सरकली, आणि बघता बघता सगळी बरणी दुधाळ, घट्ट, भाताच्या पेजेसारखी झाली. चमचा त्यात उभा राहिला.

 पान्कोनं चमचा ओढला. तो सुटेना. मग त्यानं दुसरा चमचा मागितला, अर्धं पाणी असलेल्या बरणीत घातला. तोच थरथरता हात, तीच टकटक. त्यानं ढवळलं. पुन्हा ढवळलं. हिरवं पाणी चमच्याभोवती गरगर फिरत राहिलं, स्वच्छ, हलकं.

"दोन दिवस गोठलं नव्हतं," स्तेफा म्हणाली. "मग आत्ताच का?"

"गोठायला टेकलेलं होतं," पान्को म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता, पण त्यात राग नव्हता. "कुणी तरी धक्का द्यायची वाट बघत होतं. गाडीत तर धक्केच धक्के. हॉस्पिटलच्या आवारात गाडी चार तास उघड्यावर उभी असते. तिथं तार जोडायला प्लगही नाही." तो थांबला. "आणि पाण्याचंही तेच. नुसतं पाणी गोठतं. गेल्या हिवाळ्यात पाहिलं."

"दोन्ही एकेकटी गोठतात."

"आणि एकत्र असली की नाही." त्यानं बरणी पुन्हा उजेडात धरली. "हे कसं काय असेल गं? दोघंही थंडीला हरणारे. एकमेकांचा हात धरला की जिंकतात. साठ वर्षं गाड्यांखाली झोपलो, आणि मला हे माहीत नाही."

 पहिल्यांदाच असं झालं, की 'का' स्तेफाऐवजी त्यानं विचारला.

बरणी खाली ठेवून पान्कोनं विचारलं, "मार्को किती वाजता येतो?"

"चारच्या सुमाराला."

"मग वेळ आहे. अर्धं सोडू, अर्धं पाणी भरू. विहिरीचं नको, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आण, ओलेक्साकडे असेल." तो दारापाशी गेला आणि पाठमोराच म्हणाला, "पोरी, मार्कोला हे सांगायची काही गरज नाही."

"नाही," स्तेफा म्हणाली.

ती गाडीखाली शिरली, पान्कोनं सांगितलेल्या जागी चावी फिरवली, आणि हिरवी धार बादलीत पडू लागली. पान्को खुर्चीवर बसला नाही. तो बॉनेटला टेकून उभा होता. धार पाहत होता. अर्धी बादली भरली होती, आणि ओलेक्साकडचं पाणी अजून अंगणात कॅनमध्येच होतं, तेव्हा फाटकाशी एका ट्रकनं मार्कोला उतरवलं. दोन वाजले होते.

खांद्यावरची पिशवी खाली न ठेवताच तो आला. वडलांना मिठी मारली, चावी बंद करून गाडीखालून बाहेर आलेल्या बायकोच्या गालावरचा काळा डाग अंगठ्यानं पुसायला गेला आणि आणखी पसरवला.

"टायर झक्कास बसलेत," तो म्हणाला. मग बादली पाहिली. "हे काय? कूलंट तर सप्टेंबरात बदललं म्हणाला होतात ना फोनवर?"

स्तेफानं सासऱ्याकडे पाहिलं नाही. "थोडं जुनं उरलं होतं," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं.

"मी चूक केली," पान्को म्हणाला.

मार्को वळला.

"मी नुसतं भरलं. पाणी नको म्हणून. ते चुकीचं होतं, उणे वीसलाच दगड झालं असतं. हिनं विचारलं, मी रागावलो. हिनं परत विचारलं. टेबलावर बरणी आहे, जाऊन बघ. चमचा अजून उभाच असेल तर उभा, नाहीतर गोळा वितळला असेल."

मार्कोनं पिशवी हळूच खाली ठेवली. "तातो, म्हणजे ही गाडी अशीच डिसेंबरात निघाली असती. तुम्ही दोघं आत."

"हो."

"आणि तुम्ही मला म्हणता, इथं राहतो."

"म्हणतो."

"हेच तर मी सांगतोय वर्षभर. आता हात चालत नाहीत, आता—"

"डोकंही चालत नाही, म्हण," पान्को म्हणाला. "म्हणून टाक. पण शहरात त्या खोलीत माझं डोकं चुकलं तर कुणाला कळणार? तिथं गोळ्या वेळेवर देतील. जेवण वेळेवर देतील. मी काय करतोय आणि का करतोय, हे विचारायला तिथं कोण आहे? इथं ही एक बाई आहे, जी मला दिवसातून चाळीस वेळा 'का' विचारते. मला वीट येतो. पण मंगळवारी तिनं विचारलं नसतं, तर मार्को, तू आज गाडी बघून 'वा' म्हणाला असतास. मणी पाचही तरंगले असते."

 मार्को स्तेफाकडे वळला. "तुला कसं कळलं?"

"मला कळलं नाही. मला फक्त पटलं नाही."

तो घरात गेला. खिडकीतून दिसत होतं, तो टेबलापाशी वाकला होता.  स्तेफानं आत जाऊन पाहिलं तर त्यानं नवा चमचा घेतला होता, कडेनं पुन्हा पातळ होत चाललेल्या पेजेत तो हळूहळू फिरवत होता, आणि दुसऱ्या बरणीशी ताडून बघत होता. खाणीत वीस वर्षं यंत्रं चालवणारा माणूस. कपाळावर आठी होती, पण ती रागाची नव्हती.

"अजून थंड केलं तर ही दुसरी कधी गोठेल?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही. पस्तीस, चाळीस. बघायला आपल्या फ्रीजरात एवढी थंडी नाही."

"येईल," मार्को म्हणाला. "जानेवारीत बाहेर ठेवू."

बोलून गेल्यावर त्याच्याच लक्षात आलं, आपण काय म्हणालो ते. तो ताठ झाला. पान्को दारात उभा होता, काठीवर दोन्ही हात ठेवून.

"ती खोली मी सोडत नाही," मार्को म्हणाला. "एवढं आधीच सांगतो. त्या बाईंना फोन करतो, पुढं ढकला म्हणतो. गाडी एकदा जरी रस्त्यात थांबली, तर त्याच दिवशी सामान बांधायचं. आणि शहरातून निघायच्या आधी मला खाणीवर फोन, पोचल्यावर फोन."

"कबूल."

"नाताळपर्यंत बघू."

पान्कोनं डोळे बारीक केले. "कुठल्या नाताळपर्यंत? त्यांच्या पंचवीस तारखेच्या, की आपल्या जुन्या पंचांगातल्या सात जानेवारीच्या?"

मार्कोनं स्तेफाकडे पाहिलं. स्तेफा खिडकीबाहेर पाहत होती. तिनं या वेळी काहीच विचारलं नाही.

"आपल्या," मार्को म्हणाला.

"बरं," पान्को म्हणाला. "मग चला दोघं बाहेर. अर्धं सोडून झालंय, अर्धं भरायचं राहिलंय. आणि तो पाण्याचा कॅन मी धरणार. थरथरलं तर थरथरू दे."